मुलांच्या सुरक्षिततेसाठी वस्तीत काय उभे करावे: इंदूरच्या मराठी मंडळांसाठी सविस्तर मार्गदर्शक

राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्य नगर, टिळकनगर, रामबाग. इंदूरच्या या भागांतल्या मराठी घरांमधली मुले दिवसाचा बराच वेळ घराबाहेर असतात. गणेशोत्सवाच्या तालमी, बालसंस्कार वर्ग, ढोलपथक, शिकवणी, उन्हाळी शिबिर, शाळेची व्हॅन अशा प्रत्येक ठिकाणी मूल कुणातरी मोठ्या माणसाच्या भरवशावर सोडलेले असते. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे लैंगिक शोषण झाल्याचे सांगितले आणि शोषण करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले निघाले. ‘अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नको’ ही शिकवण त्यामुळेच तोकडी पडते.

मंडळाने वर्षातून एक व्याख्यान ठेवले, फोटो काढले, म्हणजे काम झाले असे होत नाही. तयार असलेली चार-पाच माणसे, कागदावर लिहिलेले नियम आणि एखाद्या मुलाने तोंड उघडलेच तर त्या घरासोबत वर्ष-दोन वर्षे टिकून राहण्याची तयारी लागते. हे सगळे घटना घडण्याआधी करायचे असते. घटना घडल्यावर घाईत जमवलेली माणसे बहुधा चुकीच्या बाजूला उभी राहतात.

आधी माणसे

पाच जणांचा गट पुरतो. त्यात किमान तीन स्त्रिया असाव्यात. एक जण सरकारी हिंदीत अर्ज लिहू शकणारा हवा, कारण थाना (पोलीस ठाणे), कलेक्टोरेट आणि कोर्ट इथला सगळा कागद हिंदीत चालतो. एखादी ताई किंवा दादा असा असावा की पंधरा-सोळा वर्षांची मुले त्याच्याशी आपण होऊन बोलतात. मंडळाच्या कार्यकारिणीबाहेरचे निदान दोघे असावेत आणि पाचही जण एकाच घरातले किंवा नात्यातले नसावेत. तक्रार उद्या अध्यक्षांच्या भावाविरुद्ध आली तर ती कुणाकडे न्यायची याचे उत्तर गट बनवतानाच मिळाले पाहिजे.

गटाचे पहिले काम एक पानी यादी. १०९८ हा मुलांसाठीचा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक. २०२३ पासून तो राज्य सरकारच्या यंत्रणेकडे आहे आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेला आहे. १८१ महिलांसाठी, १५१०० मोफत कायदेशीर मदतीसाठी आणि १४४१६ म्हणजे टेलिमानस, मानसिक आरोग्यासाठी. याखाली स्थानिक माहिती: आपला थाना, बाल कल्याण समिती (संकटातल्या मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती), जिल्हा बाल संरक्षण अधिकारी, वन स्टॉप सेंटर (अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठीचे मदत केंद्र), जिल्हा विधिक सेवा प्राधिकरण (मोफत वकील देणारे कार्यालय), एमवाय रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग. इंटरनेटवरून क्रमांक उतरवून भागत नाही. गटातल्या दोघांनी प्रत्येक ठिकाणी एकदा जाऊन यावे, कार्यालय कोणत्या वेळेला उघडे असते आणि सुट्टीच्या दिवशी कोण भेटते ते विचारून घ्यावे. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, क्रमांक मरतात. शाळा सुरू होताना आणि गणेशोत्सवाच्या आधी, अशी वर्षातून दोनदा यादी तपासावी.

मंडळाचे स्वतःचे नियम

पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा. त्याखालच्या पॉक्सो नियम २०२० नुसार मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या शाळा, पाळणाघरे, क्रीडा अकादमी अशा संस्थांनी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करून घेणे बंधनकारक आहे. मंडळाचे स्वयंसेवक पगारी नसतात म्हणून ‘हे आपल्याला लागू नाही’ असा सूर निघतो. त्या वादात पडू नये. मुलांना शिकवणाऱ्या, ने-आण करणाऱ्या, शिबिरात रात्री थांबणाऱ्या प्रत्येकाची पडताळणी करावी. ज्येष्ठ आणि प्रतिष्ठित माणसापासूनच सुरुवात करावी, म्हणजे नंतर कुणाला अपमान वाटत नाही.

पडताळणीत फक्त नोंदवलेले गुन्हे दिसतात, म्हणून खरी भिस्त रोजच्या शिस्तीवर ठेवावी. एका मुलासोबत बंद खोलीत एकटे मोठे माणूस राहणार नाही. तालमीच्या खोलीचे दार उघडे राहील, किंवा दाराला काच असेल. दहा-बारा मुलांमागे दोन मोठी माणसे. वेशभूषा बदलताना मुलांना मदत लागली तर आई किंवा ठरवून दिलेली मावशी, तीही दुसऱ्या कुणाच्या नजरेसमोर. लहान मुलांना स्वच्छतागृहात नेताना दोन-तीन मुले एकत्र न्यावीत. तालीम संपल्यावर मूल कुणासोबत घरी जाणार ते पालकांनी लिहून द्यावे. ऐनवेळी आलेल्या ‘मी त्याचा काका’ला फोनवर खात्री केल्याशिवाय मूल सोपवू नये. शिकवणाऱ्याने मुलाला वैयक्तिक मेसेज पाठवू नयेत, जे काय सांगायचे ते पालक असलेल्या ग्रुपवर.

शिबिर मुक्कामी असेल तर मुलांची आणि मोठ्यांची झोपण्याची खोली वेगळी, रात्रपाळीला दोघे आणि पाहणीच्या वेळा वहीत नोंदवलेल्या. मोठ्या मुलांनी लहानांना त्रास देण्याचे प्रकार बहुधा रात्री होतात आणि त्यांना ‘मस्ती’ म्हणून सोडून दिले जाते. मुलगे यात जास्त भरडले जातात, कारण मुलग्याचे काय होणार असे सगळ्यांनाच वाटते. पॉक्सो कायदा १८ वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांनाही सारखेच संरक्षण देतो.

रंगपंचमीच्या गेरमध्ये (रंगांच्या मिरवणुकीत) आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या (फिरत्या देखाव्यांच्या) गर्दीत मुले हरवतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या दंडावर पेनने पालकाचा मोबाइल क्रमांक लिहावा, नाव लिहू नये. नाव वाचून कुणीही हाक मारू शकते आणि मूल त्या माणसाला ओळखीचा समजते.

मुलांचे सत्र, पालकांचे सत्र

मुलांसाठी ४० मिनिटांचे एक, अशी तीन सत्रे आठवड्याच्या अंतराने घ्यावीत. एका वेळी १५ ते २० मुले, वयाप्रमाणे वेगळी: सहापर्यंतची, सात ते अकरा, बारा ते सतरा. लहानांना शरीराच्या सगळ्या अवयवांची नावे सांगावीत, न लाजता, हात-पाय-डोळे म्हणतो त्याच स्वरात. ज्या मुलाकडे शब्दच नाही ते मूल काय झाले हे सांगणार कसे? सात ते अकराच्या मुलांना ‘छान गुपित’ आणि ‘जड गुपित’ यांतला फरक पटकन कळतो: वाढदिवसाची भेट लपवणे हे पहिले, आणि पोटात गोळा आणणारे, कुणालाही सांगायचे नाही म्हणून बजावलेले ते दुसरे. बारापुढच्यांशी फोन, फोटो आणि ब्लॅकमेल यांवर बोलावे लागते. त्यांच्यासाठी नाव न लिहिता प्रश्न टाकण्याची पेटी ठेवावी.

या सत्रांत एक चूक हमखास होते. ‘नाही म्हण, पळून जा, आईला सांग’ हे सूत्र मुलांकडून घोकून घेतले जाते. भीतीने थिजणे ही शरीराची नैसर्गिक प्रतिक्रिया आहे. आधीच शोषण झालेले, त्या वेळी नाही म्हणू न शकलेले मूल तिथेच बसलेले असते आणि दोष आपलाच होता असे समजून गप्प होते. म्हणून प्रत्येक सत्रात हे वाक्य स्पष्ट म्हणायचे: ‘तू ओरडला नाहीस, पळाला नाहीस, खूप दिवसांनी सांगितलेस, तरी चूक तुझी नाही.’ सत्र संपल्यावर गटातल्या दोघांनी अर्धा तास तिथेच थांबावे. मुले बोलतात ती अशा वेळी, चपला घालता घालता.

पालकांचे सत्र वेगळे आणि मुलांच्या आधी. त्याची वेळ रविवारी सकाळी ठेवावी, नाहीतर फक्त आया येतात. सत्रात घ्यायचे विषय: मुलाला नको असताना आत्याची पापी घ्यायला भाग पाडू नये; घरातल्या कुणाजवळ जायला मूल अचानक नकार देत असेल तर रागावण्याआधी कारण शोधावे; अंथरुण ओले करणे पुन्हा सुरू होणे, झोपेतून दचकून उठणे, वयाला न शोभणारे लैंगिक ज्ञान, शाळा टाळणे, अंगावर खुणा. यातली एखादी गोष्ट दिसली म्हणजे शोषण झालेच असे नव्हे, पण लक्ष घालायला तेवढे कारण पुरते.

मारहाण आणि दुर्लक्ष: पोलिसांच्या आधी करता येणारे काम

सगळे अत्याचार लैंगिक नसतात. बाप दारू पिऊन मारतो, आई दोन पाळ्या काम करते म्हणून सात वर्षांची मुलगी दिवसभर तान्ह्याला सांभाळते, सावत्रपणात जेवण तोडले जाते. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ नुसार, मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने मारहाण, छळ किंवा जाणूनबुजून दुर्लक्ष केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शाळेतली छडी तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नेच बंद झाली.

पण दमलेल्या, कर्जात बुडालेल्या घराला कायद्याचा धाक एवढाच उपाय नाही. अशा घरी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, गटातल्या दोघींनी जावे. उपदेश करू नये. मुलाला दुपारी ठेवायला जागा मिळवून देणे, अंगणवाडीत नाव घालणे, व्यसनमुक्तीसाठी डॉक्टरांकडे सोबत जाणे, रेशनकार्डातली नावे दुरुस्त करणे, या मदतीने मारहाण कमी होते, कारण घरातला ताण कमी होतो. केंद्र सरकारच्या ‘मिशन वात्सल्य’मधली प्रायोजकत्व योजना इथे फार उपयोगी आहे: पात्र मुलाला दरमहा ४,००० रुपये. विधवा, घटस्फोटित किंवा परित्यक्ता आईची मुले आणि अनाथ होऊन नातेवाइकांकडे राहणारी मुले यांना ती मिळू शकते. उत्पन्नाची मर्यादा शहरी भागात वर्षाला ९६,००० रुपये, ग्रामीण भागात ७२,०००. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कार्यालयात करावा. तो बहुतेक वेळा उत्पन्नाचा दाखला नाही किंवा बँक खाते नाही म्हणून अडकतो. आधी ही दोन्ही कामे उरकावीत.

जखम, भाजणे, हाड मोडणे, उपाशी ठेवणे असे काही दिसले तर भेटीगाठींवर वेळ घालवू नये. त्याच दिवशी १०९८ किंवा ११२.

मूल बोलले तर

ज्याच्यापाशी मूल बोलले त्याने हातातले काम बाजूला ठेवून ऐकावे. तीन वाक्ये पुरतात: ‘सांगितलेस ते बरे केलेस. तुझी यात चूक नाही. आता मोठी माणसे यात मदत करतील.’ ‘मी कुणालाही सांगणार नाही’ असे वचन कधीही देऊ नये, ते मोडावेच लागते. खोदून विचारू नये. ‘त्याने इथे हात लावला का?’ असा प्रश्न कोर्टात मुलाच्या साक्षीवर उलटतो, कारण शब्द मोठ्याने तोंडात घातला असे म्हणता येते. ‘मग काय झाले?’ एवढेच पुरे. मूल गेल्यावर लगेच, त्याच्याच शब्दांत, मराठीत, तारीख आणि वेळ घालून लिहून ठेवावे. मुलाने जो शब्द वापरला तोच लिहावा, सभ्य करू नये.

यानंतर मंडळाने चौकशी करायची नाही. ज्याचे नाव घेतले त्याला बोलावून विचारायचे नाही, समोरासमोर बसवायचे नाही. त्याने तो सावध होतो, पुरावे पुसतो आणि मुलावर दबाव येतो. समेट, माफीनामा, ‘दोन्ही घरांची अब्रू’ यांना इथे जागा नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचे माहीत असलेल्या प्रत्येकाने विशेष किशोर पोलीस पथकाला किंवा थान्यात कळवायचे असते. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. सद्हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. मूल पूर्ण खरे बोलते आहे की नाही हे तपासणे पोलिसांचे काम आहे.

शोषण सुट्टीत पुण्याला आजोळी झाले आणि मूल इंदूरला परतल्यावर बोलले, तर फिर्याद इंदूरच्या कोणत्याही थान्यात देता येते. ‘जिथे घडले तिथे जा’ असे म्हणून परत पाठवता येत नाही. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो पुढे पाठवला जातो.

मोबाइलवर फोटो किंवा व्हिडिओ असेल तर तो ‘पुरावा’ म्हणून ग्रुपवर टाकणे हाच गुन्हा ठरतो. फोन बंद न करता, काही न पुसता पोलिसांकडे द्यावा.

पहिले तीन दिवस

शारीरिक अत्याचार नुकताच झाला असेल तर दवाखाना आधी, कागद नंतर. आंघोळ घालू नये, कपडे धुऊ नयेत. अंगावरचे कपडे कागदी पिशवीत ठेवावेत. प्लास्टिकमध्ये ओल राहते आणि नमुने खराब होतात. घटनेनंतर ९६ तासांपर्यंत नमुने घेता येतात. त्याहून उशीर झाला म्हणून तपासणी टाळू नये, जखमा आणि मुलाचे म्हणणे तरीही नोंदले जाते.

एफआयआर नसली तरी डॉक्टरांनी तपासायचे असते. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरने करायची आणि मुलाच्या विश्वासातली व्यक्ती शेजारी असू द्यायची. सरकारी असो वा खासगी, उपचार मोफत. ‘आधी पोलिसांचे पत्र आणा’ असे कुणी म्हटले तर पॉक्सो नियम २०२० मधला नियम ६ दाखवावा. त्याची छापील प्रत गटाच्या फाइलमध्ये असावी. ‘दोन बोटांची चाचणी’ (मुलीच्या योनीत बोटे घालून केलेली तपासणी) सर्वोच्च न्यायालयाने चुकीची ठरवली आहे, तिला नकार द्यावा.

वेळेवर ज्यांचे मोल आहे अशा गोष्टी: एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू होऊन २८ दिवस घ्यावे लागते; वयात आलेल्या मुलीला गर्भनिरोधक गोळी जितकी लवकर तितकी चांगली, पाच दिवसांपर्यंत देता येते; धनुर्वात आणि हिपॅटायटिस बीच्या लसी. २८ दिवसांचा औषधांचा कोर्स बरीच कुटुंबे मळमळ होते म्हणून मध्येच सोडतात. गटातल्या एकीने रोज संध्याकाळी फोन करावा.

थाना, समिती आणि भाषा

जबाब थान्यातच द्यावा लागत नाही. मुलाच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल तिथे, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. रात्री मुलाला थान्यात ठेवता येत नाही. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नये.

इंदूरच्या मराठी मुलांची शाळा हिंदी किंवा इंग्रजी असली तरी शरीराविषयीचे, भीतीचे शब्द घरातले, मराठी असतात. मूल मराठीत बोलत असेल तर दुभाषी मागण्याचा हक्क कायद्यात आहे. आईने किंवा मंडळातल्या माणसाने भाषांतर करू नये. आई अनेकदा मुलाला वाचवण्यासाठी शब्द सौम्य करते, आणि तेच नंतर जबाबातली विसंगती म्हणून पुढे येते. पात्र, तटस्थ मराठी दुभाषी कोण हे गटाने आधीच जिल्हा बाल संरक्षण कार्यालयाला सुचवून ठेवावे. जबाब वाचून दाखवल्यावरच सही करावी.

पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचे असते. आरोपी त्याच घरात राहत असेल तर मुलाला समितीपुढे हजर करतात आणि तीन दिवसांत समिती ठरवते की मूल घरी सुरक्षित आहे की नाही. इथे गटाने एक ठोस पर्याय घेऊन जावे: मावशीचे घर, आजीचे घर, तिथल्या माणसांचे आधार क्रमांक आणि तयारी. पर्याय नसला की मूल बालगृहात जाते आणि शिक्षा आपल्यालाच झाली असे त्याला वाटते. घराबाहेर जायचे तर आरोपीने जावे.

समितीकडून ‘सपोर्ट पर्सन’ मागून घ्यावी. ही प्रशिक्षित व्यक्ती तपासापासून निकालापर्यंत सोबत असते, तारखा सांगते, कोर्ट आधी दाखवून आणते. तिच्याशी जमले नाही तर कुटुंब दुसरी व्यक्ती मागू शकते. याच समितीच्या शिफारशीने अन्न, कपडे, प्रवास यांसाठी तातडीची रक्कम मिळते, शिफारस पोचल्यापासून आठवड्याच्या आत. हे बहुतेकांना ठाऊक नसते, म्हणून मागितलेही जात नाही.

त्यानंतरची दोन वर्षे

पहिल्या आठवड्यात दारात गर्दी असते, महिन्याने कुणी नसते. कुटुंबाला खरी गरज तेव्हा लागते.

मुलासाठी समुपदेशक निवडताना आघातग्रस्त मुलांसोबत काम केल्याचा अनुभव विचारावा. उपचार साधारण १२ ते १६ भेटींचा असतो आणि त्यात आई किंवा जे कोण मुलाला सांभाळते त्यांचाही भाग असतो. काही भेटींनंतर मूल जास्त चिडचिडे होऊ शकते, कारण दाबलेले वर येऊ लागते; पालक नेमके तेव्हाच थांबवतात. प्रवासाचे भाडे आणि आईची बुडणारी मजुरी, ही दोन साधी कारणेही उपचार मोडतात. मंडळाच्या निधीतून द्यायचे ते यासाठी द्यावे.

घरात दिनक्रम जसाच्या तसा ठेवावा: तीच शाळा, तीच झोपेची वेळ, त्याच मैत्रिणी. मुलाला सारखे कुशीत घेऊन रडू नये, आणि काही झालेच नाही असेही वागू नये. भावंडांना त्यांच्या वयाला झेपेल इतके खरे सांगावे. आईवर ‘तुझे लक्ष कुठे होते’ हा प्रश्न सासर, माहेर, शेजार सगळीकडून येतो; ती कोसळली तर मूल सावरत नाही. तिच्यासाठी वेगळे समुपदेशन हवे. आरोपी कमावता असेल तर घराचे उत्पन्नही थांबलेले असते, म्हणून प्रायोजकत्वाचा अर्ज याच काळात करावा. मुलाचे नाव, शाळा, गल्ली, फोटो यातले काहीही बाहेर जाऊ देऊ नये. श्रद्धांजलीसारखे बॅनर, कँडल मार्च, पाठिंब्याच्या पोस्ट यांतूनच ओळख फुटते आणि ती उघड करणे गुन्हा आहे.

कोर्टात कायद्याप्रमाणे मुलाची साक्ष, न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षात संपायचा असतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात. प्रत्येक तारखेला गटातले कुणीतरी सोबत असावे, डबा आणि मुलाचे खेळणे घेऊन. आरोपी मुलाला दिसणार नाही अशी व्यवस्था, मधली विश्रांती, बंद दालनात सुनावणी हे सगळे वकिलामार्फत मागता येते. वकील जिल्हा विधिक सेवा प्राधिकरण मोफत देते.

भरपाईसाठी निकालाची वाट पाहू नये. एफआयआर नोंदल्यावर कोणत्याही टप्प्यावर विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकते. आरोपी सुटला किंवा सापडलाच नाही तरीही नुकसान झाल्याचे न्यायालयाला वाटले तर भरपाईची शिफारस होऊ शकते. आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत रक्कम देणे राज्य सरकारवर बंधनकारक आहे. अर्जासोबत औषधांच्या पावत्या, प्रवासखर्च, बुडालेल्या शाळेची नोंद आणि समुपदेशकाचा अहवाल जोडावा. मुलाचे आईसोबतचे बँक खाते आधीच उघडून ठेवावे. आरोपी घरातलाच असेल तर त्याचे नाव त्या खात्यावर कुठेही, वारस म्हणूनसुद्धा, राहिलेले नाही ना, ते पासबुक उघडून तपासावे.